बसलेल्या माणसाला खो

बीप वाजला आणि भूपाल सर व्हीलचेअरमध्ये ताठ होऊन ओरडले, "फाऊल कुणाचा? ए, फाऊल कुणाचा दिला?"

आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट हसायला लागले. मी म्हटलं, "सर, फाऊल कुणाचाच नाही. तो माझा बझर आहे. तो वाजला की तुम्ही पुढं वाकायचं, असं ठरलंय आपलं!"

"आं? मग पंचाच्या शिट्टीसारखा आवाज कशाला काढताय त्याचा?" असं म्हणून त्यांनी पुन्हा मोबाइलवरच्या मॅचमध्ये डोकं घातलं. वाकले नाहीतच. इकडं माझ्या लॅपटॉपवर त्यांच्या बैठकीच्या हाडाखालचा ठिपका पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल झाला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. बझरचा आवाज मी तीनदा बदलला होता. प्रत्येक आवाजात या माणसाला मैदानावरची शिट्टीच ऐकू यायची!

थांबा, नीट सांगते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी शलाका जमखंडीकर, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर. तेव्हा पीएचडी करत होते आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलात माझा मुक्काम असायचा. विषय होता बेडसोर. खाटेला खिळलेल्या किंवा खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाला ज्या जखमा होतात त्या. लोकांना वाटतं, कातडी आधी सोलवटते आणि जखम मग आत जाते. पण कितीतरी वेळा उलटं होतं. आत, हाडाच्या टोकाशी, स्नायू चेपून चेपून मरतो आणि वरून कातडी अगदी ठणठणीत दिसते. वर काही दिसेपर्यंत आत खड्डा पडलेला असतो. ज्याला कमरेखाली कळच लागत नाही, त्याला हे सांगणार कोण?

ते सांगणारं गणित मी तयार करत होते. भूपाल सरांचा एमआरआय घेऊन त्यांचं कमरेखालचं शरीर मी कंप्युटरमध्ये उभं केलं होतं. हाड, स्नायू, चरबी, कातडी, सगळं बारीक बारीक तुकड्यांत कापलेलं. बसल्यावर त्यातला कुठला तुकडा किती चेपतो, किती ओढला जातो, हे मॉडेल सांगायचं. खुर्चीच्या गादीवर सेन्सरची एक पातळ चटई होती. ती वरचा दाब मोजायची आणि मॉडेल त्यावरून आतली अवस्था रंगात दाखवायचं. निळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका.

पहिल्यांदा ते चित्र दाखवलं तेव्हा सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, माझ्या बुडाचं एवढं कौतुक माझ्या आईनंबी केलं न्हवतं."

"अहो, हळू बोला की जरा!" त्रिशलाकाकू लाजून म्हणाल्या. त्या त्यांच्या बायको. चोवीस तास त्यांच्यापाशी असायच्या.

भूपाल चौगुले म्हणजे शाळेतले पीटीचे सर, आणि मुलींच्या खो-खोचे कोच. अख्ख्या तालुक्यात नाव. आदल्या वर्षी गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला चढले, पाय घसरला आणि खाली आले. पाठीचा कणा गेला. त्यानंतर महिनोन्‌महिने अंथरुणात. त्यात बेडसोर झाला, तो भरला. मग दुसरा झाला, तो इतका खोल की डॉक्टरांना मांडीचा स्नायू वळवून तिथं बसवावा लागला. ते ऑपरेशन नुकतंच कुठं जमून आलं होतं. माणूस खुर्चीत बसायला लागला होता.

आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या मुली राज्य स्पर्धेच्या फायनलला पोचल्या. फायनल मिरजेतच, रविवारी.

"मी मैदानावर बसणार," सरांनी जाहीर करून टाकलं. "पहिल्या 'खो'पासनं शेवटपर्यंत."

डॉक्टर मुजावर मॅडम तेव्हा राउंडला आल्या होत्या. ऑपरेशन त्यांनीच केलेलं. बाई कामात चोख आणि बोलायला एक घाव दोन तुकडे.

"भूपाल सर, ऐका. तिथं पुन्हा जखम झाली तर वळवायला आता माझ्याकडं स्नायू उरलेला नाही. हाडापर्यंत पू गेला तर जिवावर बेतेल. पुन्हा वर्षभर खाट. चालेल?"

"न्हाई चालणार."

"मग घरी टीव्हीवर बघा."

"ही मॅच टीव्हीवर कोण दाखवतंय, मॅडम? क्रिकेट हाय व्हय ते?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "शलाका, तुझं मॉडेल काय म्हणतं? गोल गोल नको. जाऊ शकतात का नाही?"

तोवर मी आकडे काढले होते, आलेख काढले होते, पण एखाद्या माणसानं रविवारी कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "नुसतं बसून राहिले तर नाही. पहिला डाव संपायच्या आत लाल होईल. हातांवर रेटून बूड उचललं तर सुटका होते, पण तेवढी पुरत नाही. रक्त परत खेळायच्या आत हात थकतात. एका बाजूला कलून एक हाड सोडवलं तर दुसऱ्यावर सगळा भार जातो, आणि आलटून पालटून तो ऑपरेशनच्या जागेवर येणारच. फक्त पुढं वाकलं, छाती मांडीला लावली आणि दोनेक मिनिटं तसंच राहिलं, तर पूर्ण निळं होतं. असं मधून मधून करत राहिले तर जाऊ शकतात."

"करतो की!" सर एकदम म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मग आम्ही चाचणी घेतली, आणि चाचणीत काय झालं ते तुम्ही वर वाचलंच आहे. मॅच लागली की हा माणूस इथं नसायचाच. बझर लावला, तर फाऊल. खुर्ची थरथरवून बघितली, तर कमरेखाली कळतंच कुठं! मी नावानं हाका मारल्या, तर "हां हां, बघितलं, बघितलं" म्हणायचे, आणि जागचे हलायचे नाहीत. मुद्दाम करत नव्हते हो. खेळ सुरू झाला की त्यांच्या कानात दुसरं काही शिरायचंच नाही.

शुक्रवारी आणखी एक चाचणी फसल्यावर मुजावर मॅडमनी तिथंच निकाल दिला. "नाही. सॉरी."

सरांचा चेहरा पडला. मग ते उसळले. "एक वरीस झालं मी छताकडं बघतोय! ह्या पोरींना मी चौथीपासनं शिकवलंय. आता जरा कुठं बाहेर पडायला लागलो, तर तुम्ही दोघी मिळून माझ्या जाण्याला खो घालताय!"

"अहो, त्या कशाला खो घालतील?" काकू त्यांच्यामागं उभ्या होत्या, त्यांनाही रडू फुटत होतं. "तुमच्या भल्याचंच सांगतात नव्हं त्या? खो घालतात म्हणं!"

आणि तेवढ्यात मला काहीतरी दिसलं. काकूंनी चिडून 'खो' म्हणताना सरांच्या पाठीला जरा हात लावला होता, आणि लॅपटॉपवरचा लाल ठिपका क्षणभर पिवळा झाला होता.

"काकू!" मी जवळजवळ किंचाळलेच. "परत म्हणा!"

"काय म्हणू?"

"खो! पाठीला हात लावून जोरात, मैदानावर देतात तसा!"

काकू गोंधळल्या. पण बाई खेळाडू होत्या. लग्नाआधी त्या शिरोळच्या संघातून खेळायच्या, हे मला मागाहून कळलं. त्यांनी पदर खोचला, एक पाऊल पुढं टाकलं, सरांच्या पाठीवर तळहात मारला आणि खणखणीत आवाज दिला, "खो!"

सरांचं धड बाणासारखं पुढं गेलं! त्यांनी ठरवलं नव्हतं, विचार केला नव्हता. लहानपणापासून खो-खोच्या पाटीवर उकिडवं बसून लाखो खो घेतलेलं शरीर ते. पाय उठले नाहीत, पण खांदे गेले, छाती गेली, हात जमिनीकडं गेले. लॅपटॉपवर लाल, नारिंगी, पिवळं सगळं पुसत गेलं आणि निळंशार झालं.

"निळं!" मी उड्या मारायला लागले. "मॅडम, निळं! अहो बघा की, निळं!"

मुजावर मॅडम चष्मा सावरत वाकल्या. "परत," म्हणाल्या.

काकूंनी परत खो दिला. परत निळं. मोबाइलवर मॅच लावून खो दिला, सर त्यात पुरते बुडाल्यावर दिला, तरी निळं! वॉर्डातले लोक टाळ्या वाजवायला लागले. वाकल्या वाकल्या सर खालून म्हणाले, "त्रिशला, हात जरा हळू मार की. मी काय तुझा दुश्मन हाय व्हय?"

"लग्नाआधी तुमचा संघ मला कधी शिवला न्हाई," काकू म्हणाल्या. "आता मी सोडत न्हाई."

मॅडमनी परवानगी दिली, पण बोट नाचवून. "काकू, शलाका खूण करेल तेव्हा खो. मॅच कुठंही असू दे. आणि सर, खो मिळाला की मान खाली, दोन मिनिटं. वर बघायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"मैदानावर काही का चालेना."

"मॅडम, खो दिल्यावर जाग्यावर बसून राहणारा खेळाडू मी माझ्या संघात कधी ठेवला न्हाई," सर म्हणाले.

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. सरांची खुर्ची मधल्या रेषेच्या टोकाला, मागं काकू, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन मी. मुली धावत आल्या, पाया पडल्या. कॅप्टन सुकन्या आवटी, सडपातळ, डोळ्यांत नुसती आग. ती सरांना म्हणाली, "सर, आज आमच्याकडंच बघत बसा."

"त्याच्यासाठीच आलोय."

मॅच काय झाली म्हणून सांगू! म्हणजे मला सांगताच येणार नाही, कारण मी बघितलीच नाही. माझे डोळे पडद्याला चिकटलेले. लोक ओरडायचे, सर ओरडायचे, "पळ, पळ गं, वळ!", आणि मी फक्त रंग बघत होते. पिवळं झालं की मी मान हलवायची, काकूंचा "खो!" पडायचा आणि सर खाली. निळं झालं की मी काकूंना खूण करायची आणि सर वर. सुरुवातीला आजूबाजूचे लोक हसले. नंतर काकूंच्या 'खो'ला तेही टाळ्या द्यायला लागले.

शेवटचा डाव आला. आमच्या मुली पाठलागावर. गुण बरोबरीत. समोरच्या संघाची एकच मुलगी मैदानात उरलेली, आणि ती काही केल्या हाताला लागत नव्हती. वेळ संपत आली होती. एक गडी बाद झाला की राज्य अजिंक्यपद! सर खुर्चीत पुढं पुढं सरकले होते. त्या सरकण्यानं आतला स्नायू नुसता चेपला जात नव्हता, ओढलाही जात होता, आणि मॉडेलला ते बरोबर कळत होतं. पडद्यावर पिवळा आलाच नाही. निळ्यावरून सरळ लाल!

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट विचारणा होती: आत्ता? आत्ताच का गं बाई?

मला 'थांबा जरा' म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. अर्धं मिनिट! पण तो लाल रंग त्या वळवलेल्या स्नायूवरच होता, अगदी मधोमध. मी मान हलवली.

"खो!"

सरांनी ऐकलं. या वेळी शरीर आपोआप गेलं नाही. मी त्यांच्या शेजारीच होते, मला त्यांचे हात दिसले. खुर्चीच्या दांड्या घट्ट धरलेले. समोर सुकन्या खांबाकडं झेपावत निघालेली. मग त्यांनी हात सोडले आणि मान खाली घातली.

आणि त्याच क्षणी मैदान फुटलं! नुसता गलका, शिट्ट्या, हलगी, माणसं एकमेकांच्या अंगावर.

"काय झालं? त्रिशला, काय झालं गं?" सर मातीकडं बघत ओरडत होते.

"सूर मारला! सुकन्यानं सूर मारला बघा खांबावरनं! लांब! हात लागला, टाचेला लागला! जिंकलं की वो!" काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडत रडत सांगत होत्या. सर वाकलेलेच. खांदे हलत होते. मी लॅपटॉप बघितला. लाल ओसरत होता.

सगळ्या मुली धावत आल्या तोवर सर वर आले होते. सुकन्या मातीनं माखलेली, कोपर फुटलेलं, धापा टाकत म्हणाली, "सर! बघितला नव्हं सूर? कसा हुता?"

"झकास!" काकू घाईनं म्हणाल्या. "टाचेला हात लागला नव्हं तुझा?"

"टाचेला कुठला, काकू? पाठीला लागला."

सरांनी वळून बघितलं. "मग मघाशी मला सांगत हुतीस ते?"

"मी तुमची पाठ बघत हुते. लोकांचं ओरडणं ऐकून लावलं आपलं अंदाजानं."

सुकन्यानं माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं बोट केलं. तिचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "पोरी, माझी मान खाली हुती. मला न्हाई दिसला." बक्षीस समारंभाला आम्ही थांबलो नाही. मॅडमची ताकीद होती, मॅच संपली की आडवं.

आता जखमेचं सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुजावर मॅडमनी सरांना पालथं केलं. कातडी बघितली, बोटानं दाबून बघितली, मग सोनोग्राफी लावून आत, हाडापाशी बघितलं. बराच वेळ बघितलं. मी आणि काकू एकमेकींचे हात धरून उभ्या. माझी बोटं दुखायला लागली.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काही नाही! साफ! वाट पेढे!" आणि त्या कडक बाईनं मला मिठीच मारली. आयुष्यात मला कितीतरी चांगल्या बातम्या मिळाल्या, पण 'काही नाही' ऐकून इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

ती मिठी सुटते न सुटते तोच सुकन्या दारात उभी. गळ्यात पदक, कोपराला पट्टी. सरळ मॅडमना म्हणाली, "डॉक्टर, सरांना व्हरांड्यात आणता येतंय का? पाच मिनिटं."

"आज विश्रांती. बसवता येणार नाही."

"बसवू नका. असंच आणा, पालथं."

सरांना ट्रॉलीवर पालथंच ढकलत व्हरांड्यात आणलं. हनुवटीखाली उशी दिली. समोर हॉस्पिटलची मोकळी जागा, तांबड्या मातीची. सुकन्यानं तिथल्या दिव्याच्या खांबाला हात लावून बघितला, पावलांनी अंतर मोजलं आणि माझ्याकडं वळली. "ताई, तुम्ही पळा."

"मी? अगं, मी शाळेत लंगडीतसुद्धा पहिली बाद व्हायचे!"

"म्हणून तर. पळा!"

काय करता? ओढणी कमरेला बांधली आणि पळाले. पाठीमागं काकूंचा खो ऐकू आला, मग सुकन्याची पावलं. मी खांबाला वळसा घातला तोच काहीतरी मोठं हवेतून आलं. पाठीवर हात पडला आणि मी मातीत दाणकन बसले. बैठकीच्या हाडांवर! त्या हाडांचं मी वर्षभर गणित मांडलं होतं, पण ती अशी दुखतात हे तेव्हा कळलं.

सुकन्या मातीतच पालथी पडली होती आणि मान वर करून व्हरांड्याकडं बघत होती. ट्रॉलीवरून सरही तसेच, पालथे, मान वर करून तिच्याकडं. आम्ही सगळे वाट बघत होतो. मला वाटलं, आता शाबासकी येणार, आणि रडारड होणार.

सर म्हणाले, "लवकर मारलास. अजून एक पाऊल टाकायला पायजे हुतं. परत."

"सर!" सुकन्या उठून बसली. "अवो, ह्याच सुरावर काल राज्य जिंकलंय की!"

"जिंकलं आसंल. परत."

सुकन्या हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, पट्टी बांधलेल्या हातानंच. मी काकूंकडं बघितलं, तर त्यांनी पदर तोंडात धरलेला. "पडल्यापासनं पोरी भेटायला यायच्या, तर नुसतं छान, छान म्हणायचे," त्या मला म्हणाल्या. "कुणाची एक चूक काढली न्हवती वर्षभर. मला वाटलं, संपलं सगळं."

"बाई, तुम्ही काय बसून राहिलाय?" सर माझ्यावर ओरडले. "उठा! आणि वळताना खांबाच्या जवळनं वळा!"

मी कपडे झटकले आणि पळायला लागले.